मधल्या चाकाची उडी

लंडनहून आलेल्या माणसाला आमच्या साताऱ्यात दोनच प्रश्न विचारतात. राणीचा वाडा पाहिला का, आणि थंडी सोसली का? वाडा बाहेरून पाहिला आणि थंडी आतून सोसली, तेव्हा तो विषय इथेच मिटला. खरं सांगायचं तर १९९१च्या त्या मे-जूनमध्ये मी दीड महिना विलायतेत होतो आणि त्यातले माझे बरेच दिवस एका म्हाताऱ्या बाईच्या बागेतल्या लाकडी खोलीत गेले. तिथे मी हात दाखवून अवलक्षण केलं. घरचे त्यावरून अजून चिडवतात. दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं.

आधी माझी ओळख. मी टाइपरायटर दुरुस्त करणारा माणूस. चौतीस वर्षं कोर्ट, कचेरी आणि टायपिंग इन्स्टिट्यूटची मशिनं मी उघडली, धुतली, पुन्हा जोडली. कॅरेज अडकलं, घंटी वाजेना, एखादं अक्षर ओळीच्या वर उडतंय, असं काहीही असो, खोलीच्या दारातून नुसता आवाज ऐकून रोग सांगायचा ही माझी ऐट. इंग्रजी मी शाळेत कमी आणि टायपिंगच्या धड्यांतून जास्त शिकलो. त्यामुळे माझं इंग्रजी म्हणजे सरळ ऑफिसचं पत्र. मुलगा सुनील डॉक्टर होऊन तिकडच्या हॉस्पिटलात गेला, त्यानं तिकिटं पाठवली, आणि मी आणि आमची सौ. सुशीला निघालो. बॅग भरताना माझ्या बारीक कानशी आणि स्क्रूड्रायव्हरचं पुडकं तिनं दोनदा बाहेर काढलं. "पोरानं आईबापाला बोलावलंय, मेकॅनिकला नाही," असं तिचं म्हणणं. तिसऱ्यांदा मी ते सदऱ्यात गुंडाळून घातलं.

स्टॅनमोर, कुंपणापलीकडे

सुनीलचं घर स्टॅनमोरमध्ये. तो आणि सूनबाई मेधा सकाळी साडेसातला बाहेर पडायचे. मेधा फार्मसिस्ट. मागे उरायचो आम्ही दोघं आणि एक शांतता. आपल्याकडे शांत म्हणजे कुठे तरी लांब कुकरची शिट्टी, कुणी तरी कुणाला तरी हाक मारतंय. तिथली शांतता सलग होती. शेजारी दिसला की हवेबद्दल बोलायचं आणि आत जायचं. पहिल्या चार दिवसांत मी हवेबद्दल इतकं बोललो की वेधशाळेनं नोकरी दिली असती.

पाचव्या दिवशी, सोमवारी, मागच्या बागेत कपडे वाळत घालत होतो. कुंपणापलीकडून आवाज आला. खट्. थोड्या वेळानं पुन्हा खट्, पण जरा लंगडा. माझे कान टवकारले. दातेरी चाकावर खटका पडतोय, पण त्याची स्प्रिंग मेलेली आहे. मी पायाखाली बादली पालथी घातली आणि डोकावलो.

"अहो, लोकांच्या बागेत काय डोकावताय? हा काय साताऱ्याचा बोळ आहे?" सुशीला मागून म्हणाली.

पलीकडे लाकडी खोलीच्या दारात एक उंच, पांढऱ्या केसांची बाई ॲप्रन घालून उभी होती. सदुसष्ट वर्षांची, हे नंतर कळलं. हाताची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंडाला आलं ते बोललो. "विथ रेफरन्स टु द साउंड, मॅडम, युअर स्प्रिंग इज वीक."

बाईनं ॲप्रनला हात पुसले. मग म्हणाली, "हो, मला माहीत आहे. गुरुवारी अकरा वाजता या."

सोमवार होता तो. मधे नुसतं एक कुंपण, आणि भेट तीन दिवसांनी. मी सुनीलला रात्री जेवताना विचारलं, ती चिडली का रे माझ्यावर? तो हसला. "नाही बाबा, अपॉइंटमेंट दिली म्हणजे खूश आहे ती."

गुरुवार, अकरा वाजता

बाईचं नाव जोन. मी आपला जोनबाई म्हणायला लागलो, सुशीला जोनताई. खोलीत बाक, व्हाइस, लेथ नव्हे पण एक चांगली हातड्रिल, आणि बाकावर एक लाकडी पेटी. झाकण उघडल्यावर मला वाटलं, टाइपरायटर. कळा होत्या, तीन ओळी. पण कागद घालायला रूळ नाही, रिबन नाही, हातोड्या नाहीत. कळांच्या वर तशाच तीन ओळींत सव्वीस गोल काचा, प्रत्येकीखाली एक छोटा दिवा आणि काचेवर अक्षर. त्याच्या वर तीन दातेरी चाकं शेजारी शेजारी बसलेली.

"हे टाइप कशावर करतं?" मी विचारलं.

"करतच नाही," जोनबाई म्हणाल्या. "लपवतं."

मग त्यांनी समजावलं, आणि मी चहा गार होईपर्यंत ऐकत राहिलो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा आपले निरोप अशा यंत्रातून गुप्त करून पाठवायच्या. हे त्याचंच जोनबाईंनी स्वतः बनवलेलं दुसरं रूप. एक कळ दाबा, समजा ए. वीज निघते ती पहिल्या चाकात शिरते. चाकाच्या एका बाजूला सव्वीस पितळी टोकं, दुसऱ्या बाजूला सव्वीस चकत्या, आणि पोटात दोन्हींना जोडणाऱ्या सव्वीस तारा, मुद्दाम उलटसुलट ओढलेल्या. एक नंबरच्या टोकातून शिरलेली वीज सतराव्या चकतीतून बाहेर पडेल, असं. तिथून दुसऱ्या चाकात, मग तिसऱ्यात. शेवटी एक न फिरणारा तुकडा असतो, तो विजेला परत पाठवतो, पण वेगळ्या वाटेनं. तीच तीन चाकं उलटी ओलांडून ती येते आणि एक दिवा लागतो. ए दाबला तर एखादे वेळी के लागतो. पुन्हा ए दाबला तर टी, कारण प्रत्येक कळेला पहिलं चाक एक घर सरकतं आणि सगळ्या वाटा बदलतात.

"आणि वाचणारा काय करतो?"

"त्याच्याकडे असंच यंत्र. चाकं त्याच अक्षरांवर लावायची आणि मिळालेली अक्षरं दाबत जायची. दिव्यांत मूळ मजकूर उमटतो. वीज ज्या वाटेनं जाते त्याच वाटेनं परत येऊ शकते, एवढंच."

काय डोकं असेल बनवणाऱ्याचं. बाहेरून तीन चाकं आणि तीन खटके, आमच्या धंद्यातलं काम. आत मात्र करोडो वाटा. मी कळांवर बोटं ठेवली आणि पहिल्याच ओळीत फसलो. आपल्या कीबोर्डवर वाय असतो तिथे झेड, आणि पी खालच्या ओळीत डाव्या कोपऱ्यात. जर्मन मांडणी. चौतीस वर्षांची बोटं, पण नवशिक्यासारखी चुकली. जोनबाई पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या.

हे सगळं त्यांना कसं माहीत, ते त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितलं. युद्धात वीस वर्षांच्या असताना त्या इथेच, स्टॅनमोरमध्ये, कामाला होत्या. कपाटांएवढी मोठी यंत्रं, त्यांवर फिरणारे ड्रम, आणि शत्रूनं आज चाकं कुठल्या अक्षरांवर लावली आहेत ते शोधायचं. तीन पाळ्यांत मुली ती यंत्रं सांभाळायच्या. कुणाला काही बोलायचं नाही असं सहीनिशी लिहून दिलेलं. तीस वर्षं बोलल्या नाहीत. नवरा वारला तेव्हा त्याला वाटत होतं, ही युद्धात कारकुनी करत होती.

"ज्या यंत्राशी आम्ही लढलो ते मी एकदाही पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणून आठ वर्षं हे बनवते आहे."

त्यांच्या पाळीतली मैत्रीण पेगी आता केंब्रिजला राहायची. तिच्या ओळखीच्या एका गृहस्थाकडे खरं जर्मन यंत्र होतं. दोघींचं ठरलेलं असं : जोनबाईंचं यंत्र पुरं झालं की पेगी खऱ्या यंत्रावर एक निरोप गुप्त करून पोस्टानं पाठवणार. इथे तो उघडला, तर आठ वर्षांचं काम खरं. राहिलं होतं ते फक्त चाकं ढकलणारे तीन खटके आणि त्यांच्या स्प्रिंगा, आणि तेच त्या वाकड्या बोटांना जमत नव्हतं. मध्येच कळलं की पेगीबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, पुढच्या गुरुवारी. त्यांनी निरोप लगेच पाठवते म्हणून कळवलं. बुधवारपर्यंत वाच, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी रोज अकराला जाऊ लागलो. स्प्रिंगा वळून दिल्या, खटके घासून बसवले. सुशीलानं शेंगदाण्याची चटणी पाठवली. जोनबाईंनी ती काकडीच्या सँडविचमध्ये घालून खाल्ली, नाकातून पाणी आलं तरी थांबल्या नाहीत.

शनिवारची कानस

शनिवारी सकाळी पोस्टमन आला म्हणून जोनबाई घरात गेल्या आणि मी एकटाच यंत्रापाशी राहिलो. चाकं हळूहळू फिरवून प्रत्येक खाच तपासत होतो. रचना अशी की पहिल्या चाकाच्या कडेला एक खाच आहे. ती विशिष्ट जागी आली की दुसरा खटका तिच्यात पडतो आणि मधल्या चाकाला एक घर ढकलतो. मधल्या चाकालाही तशीच एक खाच. तिच्यात तिसरा खटका पडला की शेवटचं चाक एक घर सरकतं. घड्याळाच्या काट्यांसारखं.

तेवढ्यात मला रोग दिसला. एका कळेला मधलं चाक एक घर सरकलं, बरोबर. पुढच्या कळेला शेवटचं चाक सरकायचं होतं, ते सरकलं, पण त्याच्याबरोबर मधलंही पुन्हा एक घर पुढे गेलं. लागोपाठ दोन उड्या.

टाइपरायटरवाल्याला हे दाखवायला नको. कॅरेज दोन घरं उडतं, त्याला आम्ही स्किपिंग म्हणतो, आणि ते घेऊन गिऱ्हाईक दारात आलं की आम्ही खुर्चीसुद्धा देत नाही, उभ्या उभ्या काम. कारणही दिसलं. तिसरा खटका मधल्या चाकाच्या खाचेत पडून पुढे सरकताना खाचेच्या भिंतीला रेटत होता, त्यामुळे मधलं चाक फुकट ढकललं जात होतं. पुडकं खिशात होतंच. कानस काढली आणि ती भिंत जराशी मागे नेली, खटक्याला मोकळं फिरता येईल एवढी. चाकं परत लावली, एक कळ दाबली. शेवटचं चाक सरकलं, मधलं जागच्या जागी. वा रे पठ्ठे, मी स्वतःलाच म्हणालो. घरातून चहाची हाक आली आणि मी उठलो.

आणखी एक कळ दाबली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

जोनबाईंना का सांगितलं नाही, असं मेधानं नंतर विचारलं. आपल्याकडे मिस्त्री दुसऱ्याच्या यंत्रातली बारीक खोड जाता जाता काढतो आणि बोलत नाही. बोलून दाखवलेला उपकार कसला? मला ते आपलं चांगुलपण वाटत होतं. त्या देशात कुंपणापलीकडे जायला तीन दिवस आधी वेळ घेतात, हे मी त्या क्षणी साफ विसरलो होतो.

रविवारचा चहा

शनिवारच्या टपालात पेगीबाईंचं पत्र आलं होतं. पाच-पाच अक्षरांच्या गटांत लिहिलेली निरर्थक अक्षरं. जोनबाईंनी आम्हाला रविवारी चारला बोलावलं. सुनील ड्यूटीवर, म्हणून मी, सुशीला आणि मेधा गेलो. गरम स्कोन म्हणजे गोडसर पाव, जॅम, घट्ट मलई. जोनबाईंनी मोत्यांची माळ घातली होती. त्यांनी चाकं ठरलेल्या अक्षरांवर लावली आणि स्वतः वाकड्या बोटानं कळा दाबायला लागल्या. मी दिवा वाचायचा, मेधानं लिहायचं.

डी. ई. ए. आर. मेधाचा पेन थांबला. "डिअर," ती म्हणाली. जोनबाईंनी डोळे मिटले, उघडले, पुढची कळ दाबली.

अक्षर अक्षर करून, पूर्णविरामाच्या जागी एक एक्स धरून, आलं : डिअर जोन. द ड्रॉप्ड ड्रम. इट वॉज.

आणि मग क्यू. एच. झेड. बी. एम. व्ही.

मेधानं लिहिणं थांबवलं. जोनबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा एकोणतीस अक्षरं सोन्यासारखी, आणि तिसाव्यापासून माती. मी या वेळी दिव्यांकडे पाहत नव्हतो, चाकांकडे पाहत होतो. तिसाव्या कळेला मधलं चाक थांबलं आणि शेवटचं सरकलं. एकतिसाव्याला शेवटचं पुन्हा सरकलं. बत्तिसाव्यालाही. मधलं चाक खाच उघडी ठेवून तिथेच उभं, आणि शेवटचं प्रत्येक कळेला पळत सुटलेलं. ही माझ्याच कानशीची करामत.

"तिसऱ्या चाकातली एखादी तार मी चुकीची जोडली असेल," जोनबाई म्हणाल्या. "सगळं उघडायला हवं. या बोटांना महिना लागेल."

मग त्यांनी पडलेल्या ड्रमची गोष्ट सांगितली. त्या मोठ्या यंत्राच्या प्रत्येक ड्रमच्या मागे बारीक तारांचे ब्रश असायचे. एका पाळीला कुणी तरी एक ड्रम पाडला, ब्रश चेपले, आणि न बोलता तो तसाच परत लावला. त्या दिवसाचं सगळं काम वाया गेलं. यंत्र जोनबाईंच्या नावावर होतं. अधिकाऱ्यानं विचारलं, कोणी पाडला? कोणी बोललं नाही. जोनबाईंची रजा रद्द झाली. त्या रजेत त्या भावाला भेटायला जाणार होत्या. तो दोन दिवसांनी बोटीनं निघाला आणि परत आला नाही.

"टेड," त्या म्हणाल्या. नाव सांगून झाल्यावर त्यांनी मलईची वाटी झाकली.

मेधानं सुशीलाला सगळं मराठीत सांगितलं. सुशीला म्हणाली, "मग फोन करून विचारा की त्यांना. कोण होती ते."

जोनबाईंनी मान हलवली. "तिनं ते यंत्रात घातलंय. तोंडानं सांगता आलं असतं तर सत्तेचाळीस वर्षांत सांगितलंच असतं. आणि यंत्र अडलं म्हणून कळवलं, तर ती म्हणेल, जाऊ दे, काही विशेष नव्हतं."

मी खाली पाहत उरलेला स्कोन खाल्ला.

सोमवार, ईलिंग

सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सगळ्या देशाला सुट्टी. सुनीलच्या कॉलेजातल्या मित्राकडे ईलिंगला जेवण होतं. भरली वांगी, आमटी, बासमती. दहा-बारा मराठी माणसं, निम्मे डॉक्टर. चर्चा मॉर्गेजची आणि शाळांची. यजमान मला म्हणाले, "काका, आता टाइपरायटर कोण वापरतं? आमच्या हॉस्पिटलला सगळे वर्ड प्रोसेसर आले." एरवी मी त्यांना तासभर सुनावलं असतं. त्या दिवशी नुसती मान हलवली.

माझा बेत असा चालला होता की उद्या काही तरी निमित्त काढून यंत्रापाशी एकटं बसायचं, ती भिंत परत उभी करायची आणि गप्प राहायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी आल्यावर सुशीलानं दार लावलं आणि म्हणाली, "वांगी तुम्ही टाकली नाहीत आजवर. काय झालंय?"

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मूठ तुमची आहे हो, पण आत त्या बाईचा जीव अडकलाय. ती बिचारी आपल्यालाच चुकीची समजत बसली असेल. तिच्या घरचं मीठ खाल्लंय ना? उद्या सकाळी जा आणि सांगा."

"न बोलता नीट करून दिलं तर?"

"ती दुसरी बाईही न बोलताच गप्प बसली ना इतकी वर्षं?"

मी कानस उद्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.

मंगळवार

अकराची वाट पाहिली नाही. साडेआठलाच कुंपणाला वळसा घालून गेलो आणि बेल वाजवली. जोनबाईंनी गाऊनवरच दार उघडलं. मी रात्रभर इंग्रजी वाक्यं जुळवली होती. ऐन वेळी तोंडातून आलं ते टायपिंगच्या धड्यातलं, मी हजारो वेळा मशीन तपासायला ठोकलेलं वाक्य : "आय रिग्रेट टु इन्फॉर्म यू." त्यापुढे मला काही येईना. मी खिशातली कानस काढून त्यांच्यासमोर धरली.

त्या वळल्या, टेबलाच्या खणातून एक घडी केलेला कागद काढला आणि उघडला. आत चिमूटभर पितळेचा कीस होता.

"रविवारी तुम्ही गेल्यावर बाकावर सापडला," त्या म्हणाल्या. "मी शनिवारी पितळेला हात लावला नव्हता. काय घासलंय ते मात्र माझ्या डोळ्यांना दिसेना."

"मग विचारलं का नाही मला?"

"ते तुम्ही सांगायचं होतं. आणि तुम्ही आधी मला विचारायचं होतं. मला फार राग आला आहे. पण आज मंगळवार आहे, तेव्हा तो नंतर करू."

यंत्रापाशी मी त्यांना सगळं दाखवलं, दोन उड्या, खाचेची भिंत, माझा शहाणपणा. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेन्सिलीनं कागदावर काढून दाखवलं. ती दुसरी उडी हा रोग नव्हेच. तिसरा खटका मधल्या चाकाच्या खाचेत बसल्याशिवाय शेवटच्या चाकापर्यंत पोचतच नाही. खाचेत बसून शेवटच्याला ढकलायचं तर मधलंही ढकललं जाणारच. आणि त्या ढकलण्यामुळेच खाच पुढे निघून जाते, खटका पुन्हा वर येतो, शेवटचं चाक थांबतं. मधलं हललं नाही, तर शेवटचं थांबणार कसं? एवढी साधी गोष्ट, आणि चौतीस वर्षं मशिनं उघडणाऱ्या माणसाला कळली नाही.

"बनवणाऱ्यानं मुद्दाम केलं की त्याच्या हातून राहून गेलं, कुणास ठाऊक," जोनबाई म्हणाल्या. "त्याची चूक असली तरी मला ती जशीच्या तशी हवी. खऱ्या यंत्रात आहे ना."

हे वाक्य मी दुकानात भिंतीवर लिहून लावावं म्हणतो.

आता भिंत परत उभी करायची तर जाड पितळ हवं. त्यांच्याकडचा उरलेला पत्रा पातळ होता. रस्त्याच्या टोकाच्या हार्डवेअरवाल्यानं सांगितलं, मागवावं लागेल, एक आठवडा. घरी येऊन सुशीलाला म्हटलं, आता काय करू? ती उठली, स्वयंपाकघरात गेली. मेधासाठी आम्ही साताऱ्याहून पितळी मिसळणाचा डबा नेला होता, जुन्या पद्धतीचा, आत सात ओतीव वाट्या. तिनं मोहरीची वाटी उपडी करून मोहरी बशीत काढली, वाटी पदरानं पुसली आणि माझ्या हातात ठेवली. "नखाएवढाच तुकडा लागेल ना? काठ कापा."

मंगळवारचा सगळा दिवस आणि बुधवारची सकाळ. वाटीच्या काठाचा तुकडा कापला, खाचेत बसवला, डाख दिला, वर केसाएवढा रिव्हेट मारला, आणि मग घासायला घेतलं. या वेळी प्रत्येक दोन हातांनंतर थांबून जोनबाईंना विचारत होतो, घासू का? त्या भिंग लावून पाहायच्या आणि "हो" म्हणायच्या. एकदा "नाही" म्हणाल्या आणि त्या बरोबर होत्या.

बुधवारी बाराला चाकं लावली. कळ दाबली, मधलं एक घर. पुन्हा दाबली, मधलं आणि शेवटचं दोन्ही. तिसऱ्यांदा, दोन्ही गप्प. जन्मभर जी उडी मी मोडत आलो ती पाहून मला इतका आनंद होईल असं कुणी सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

मेधा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. जोनबाई कळा दाबू लागल्या. एकोणतीस अक्षरं झाली. तिसावं एम. एकतिसावं ई.

इट वॉज मी. यू टूक द ब्लेम. फरगिव्ह. पेगी.

जोनबाईंनी हात मांडीवर घेतले. रडल्या नाहीत. यंत्राचं झाकण लावलं, त्यावरून एकदा फडकं फिरवलं, आणि मेधाला विचारलं, "तुझ्या गाडीनं केंब्रिज किती लांब?"

केंब्रिज

वाटेत सपाट जमीन, आणि मैलोन्मैल पिवळी धमक शेतं. सुशीला काचेला नाक लावून म्हणाली, "मोहरीच दिसतेय की." मेधानं विचारून सांगितलं, तिच्याच जातीचं काही तरी आहे, तेल काढतात. पुढच्या सीटवर जोनबाई मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. आत मेधाच्या अक्षरातला तो कागद होता. वाटेत त्या एकदाच बोलल्या, ते हवेबद्दल.

हॉस्पिटलात भेटीची वेळ संपायला अर्धा तास होता. पेगीबाई लहानशा, उशांना टेकून बसलेल्या, ओठांना लिपस्टिक. जोनबाईंना पाहून त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. जोनबाईंनी पर्समधून कागद काढून त्यांच्या हातात दिला. पेगीबाईंनी तो वाचला. स्वतःचेच शब्द, पण दोनदा वाचले.

"म्हणजे उघडलं तर," त्या म्हणाल्या.

"उघडलं. मला माहीत होतं, पेगी. त्या पाळीला तुझ्या बाहीत ब्रशची तुटलेली तार अडकली होती. मी पाहिली."

पेगीबाईंचं तोंड उघडं राहिलं. मेधा पुटपुटत सुशीलाला मराठीत सांगत होती, आणि ते ऐकून सुशीलानं माझ्याकडे पाहिलं. खणातला तो कागद, चिमूटभर कीस, मला आठवलं सगळं.

"मग कधी बोलली का नाहीस?" पेगीबाईंनी विचारलं. "टेडच्या वेळीसुद्धा नाही?"

"तू सांगायचं होतंस."

"सत्तेचाळीस वर्षं वाट पाहिलीस?"

जोनबाई पलंगाच्या कडेला बसल्या. वाकड्या बोटांनी त्यांनी पेगीबाईंचा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि आपल्या हातात घेतला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तू फार उशीर केलास," त्या म्हणाल्या. "या गृहस्थांनी तीन दिवसांत सांगितलं."